गाडी झोपेपर्यंत

घणसोली स्थानकाकडून गावठाणात शिरताना डाव्या हाताला जे रानबदामाचे झाड लागते, त्याच्या पूर्वेकडील सावलीत गेली अठरा वर्षे माझे अर्ज लिहून देण्याचे टेबल आहे. पश्चिमेकडील सावलीत हसुरामदादांची जागा होती. आता तेथे लोक दुचाक्या लावतात. मी त्यांना हटकत नाही. जागा सार्वजनिक आहे, आणि सार्वजनिक जागेवर कोणाचा किती हक्क पोहोचतो हे या परिसरात माझ्याइतके नेमके कोणी सांगू शकेल असे मला वाटत नाही. तरीसुद्धा तेथे एखाद्या मोटारीचे दार धाडकन आपटले की माझी लेखणी थांबते. आता पलीकडून एक काळे, तेलकट बोट ओठांवर जाईल आणि कोणीतरी हलकेच म्हणेल, "शूऽऽ, झोपतेय ती," असे उगाच वाटत राहते.

हसुरामदादा मोटारींच्या विजेचे काम करीत. इंजिनाला ते हात लावत नसत. दिवे, कुलुपे, काचा, वायपर, हॉर्न आणि त्या सर्वांना जोडणाऱ्या तारा, एवढेच त्यांचे राज्य. दुकान म्हणावे असे काही नव्हते. एक लोखंडी पेटी, एक लाकडी बाक, लोणच्याच्या बरण्यांत भरून ठेवलेले जुने कनेक्टर, आणि भंगारात निघालेल्या एका टॅक्सीची पुढची सीट. ती सीट झाडाच्या बुंध्याशी टेकवलेली असे आणि गाडी घेऊन आलेल्या माणसाने तिच्यावर निमूट बसायचे, असा तेथला शिरस्ता होता. खांद्यावर चौकड्यांचा रुमाल, डोळ्यांवर एकावर एक दोन चष्मे, अंगात बाह्या कापलेला सदरा. वयाने ते माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. जन्म घणसोली गावातलाच; गाडीला ते 'गारी' म्हणत आणि लहानथोर सर्वांशी एकेरीत बोलत. मी साताऱ्याकडचा. शिक्षण नववीपर्यंत, परंतु पुढचे मी स्वतःचे स्वतः केले, आणि लोक मला भाऊसाहेब म्हणतात. त्यामुळे 'भाऊसायब, तू' हे संबोधन पचनी पडायला मला बराच काळ लागला.

आमची ओळख तंट्याने झाली. अर्ज लिहून पूर्ण झाला की तो अर्जदाराला खड्या आवाजात वाचून दाखवण्याची माझी पद्धत आहे. अर्जातला जोर डोळ्यांना दिसत नाही, तो कानांनाच कळतो. एके दुपारी मी असाच एक अर्ज वाचत होतो. 'सबब नम्र विनंती की' येथवर आलो असेन, तोच हसुरामदादा ओठांवर बोट ठेवून माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"भाऊसायब, हलू वाच. गारी झोपाला लागलीय."

"मोटार झोपते?" मी शक्य तितक्या थंडपणे विचारले.

"मंग? तू एकलाच झोपतंस?"

अर्जदार हसला. मी दोन दिवस त्यांच्याकडे पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी ते आपण होऊन तांदळाची भाकरी आणि सुकट घेऊन आले, माझ्या शाईच्या बाटलीशेजारी डबा ठेवला आणि मला झोपेची गोष्ट समजावून सांगू लागले.

ती गोष्ट अशी. हल्लीच्या मोटारी बंद केल्या तरी लगेच बंद होत नाहीत. किल्ली काढली, दार लावले, तरी आत कितीतरी वेळ काहीबाही जागे असते. मग एकेक करून सगळे मिटत जाते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी खऱ्या अर्थाने झोपते. निरोगी गाडी झोपेत बॅटरीतली वीज अगदी नखभर खाते. आजारी गाडी झोपत नाही. तिच्या आत कोणीतरी एक जण जागा राहतो, रात्रभर बॅटरी पितो आणि सकाळी मालक किल्ली फिरवतो तेव्हा आवाज येत नाही. त्या जाग्या राहणाऱ्याला पकडायचे, तर आधी बाकीचे सगळे झोपावे लागतात. म्हणून हसुरामदादा बॅटरीच्या तारेला मीटर लावत, उघड्या दाराच्या कुलुपाची जीभ स्क्रू-ड्रायव्हरने आत ढकलत, म्हणजे गाडीला दार लागले असे वाटावे, आणि खांद्यावरचा रुमाल काढून बाजूच्या आरशावर टांगत. रुमाल आरशावर आहे तोवर गाडीला कोणी शिवायचे नाही, दार उघडायचे नाही, किल्ली खिशातसुद्धा जवळ आणायची नाही. मग ते बाकावर बसून मीटरवरचा आकडा उतरताना पाहत राहत. दुपारच्या त्या वेळी आमच्या रस्त्यावर कावळासुद्धा ओरडत नाही. आकडा उतरे, थांबे, पुन्हा उतरे. मी माझ्या बाजूने पाहत असे, आणि खरे सांगायचे तर कित्येकदा मोटारीच्या आधी माझाच डोळा लागे.

ही सवय त्यांना कोठून लागली, हे त्यांनी एकदाच सांगितले. त्यांचे वडील खाडीकाठच्या मिठागरावर कामाला होते. भर उन्हात कोंड्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या उथळ वाफ्यांमध्ये, पाणी पसरून ठेवायचे आणि ते अगदी निश्चल व्हायची वाट पाहायची. "पानी झोपला का मीठ धरतं," असे ते म्हणाले. लहानपणी त्यांनी मीठ धरत असलेल्या एका कोंडीत गंमत म्हणून दगड टाकला होता. वडिलांनी मुस्काटात मारली. परंतु रागावून नव्हे, तर आवाज होऊ न देता, हलक्या हाताने. "त्या दिसापासून मी वाट बघाला शिकलो," हसुरामदादा म्हणाले आणि चकाकणाऱ्या रस्त्याकडे असे पाहू लागले, की मलाही क्षणभर डांबराच्या जागी पांढरे, स्वस्थ पाणी पसरले आहे असा भास झाला. आता त्या मिठागराच्या जागी काय उभे आहे हे विचारण्याचे कारण नव्हते. आम्हा दोघांनाही ते बसल्या जागेवरून दिसत होते.

एकदा एपीएमसी मार्केटमधील एक कांद्याचा व्यापारी भली मोठी गाडी घेऊन आला. बॅटरी तीन वेळा बदलून झाली होती. गृहस्थाला दम निघेना. दर पाच मिनिटांनी उठून तो मागचे दार उघडी, चष्मा घेई, पुन्हा उघडी, पाण्याची बाटली घेई. प्रत्येक वेळी गाडी जागी होई आणि हसुरामदादा पुन्हा पहिल्यापासून वाट पाहू लागत.

"काका, किती टाइम? माझ्या गाड्या लागल्यात मार्केटला, टेन्शन आहे."

"तुझा टेन्शन हिला लागलाय. बस तिकरं."

"अहो पण बसून काय करू?"

"कांदं मोज मनात."

व्यापारी टॅक्सीच्या सीटवर बसला. थोड्या वेळाने त्याची मान कलली, तोंड उघडे पडले आणि त्या झाडाखाली घोरण्याचा संथ आवाज सुरू झाला. हसुरामदादांनी मला मीटर दाखवला. आकडा उतरत होता, परंतु एका ठिकाणी येऊन अडला. त्यांनी चोरपावलांनी जाऊन काचेला डोळा लावला. समोरच्या कप्प्याच्या फटीतून केसाएवढा उजेड येत होता. कप्प्याच्या झाकणाचे बटण मोडल्यामुळे आतला बोटभर दिवा रात्रंदिवस जळत होता. त्यांनी तो काढला, पण व्यापाऱ्याला उठवले नाही. "ऱ्हाऊं दे. किती दिसांनी झोपला असल," एवढेच म्हणाले.

या मोटारींत एक काळा डबा असतो. त्याला बीसीएम म्हणतात. दिवे, कुलुपे, काचा, वायपर, हॉर्न यांना हुकूम तोच देतो. माझ्या शब्दांत सांगायचे तर ती मोटारीची कचेरी होय: सर्वांचे अर्ज तेथे येतात आणि तेथून आदेश निघतात. दिवे भलत्या वेळी लागले, कुलूप आपोआप उघडले, की लोक त्या कचेरीलाच दोष देतात आणि नवा डबा घेऊनच येतात. हसुरामदादा डब्याला सर्वांत शेवटी हात लावत. एक ड्रायव्हर नवाकोरा डबा पिशवीत घालून आला होता. यांनी बॉनेटखालचा, तारा बांधलेला एक गंजका बोल्ट घासून स्वच्छ केला, दिवे ताळ्यावर आले, आणि डबा जसाच्या तसा परत दिला. तपासणीचे यंत्र त्यांच्याकडेही होते. ते म्हणत, "ह्या यंत्र सांगतं काय दुखतं. का दुखतं, ते नाय सांगत."

आता विमलताईंकडे येतो, कारण हे सर्व त्यांच्याचसाठी लिहायला घेतले आहे.

विमलताई गावठाणातच, तळ्यामागच्या गल्लीत राहतात. नेरूळला त्यांचे पोळी-भाजी केंद्र आहे. त्यांचे यजमान मार्केटात कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छोटी पांढरी मोटार घेतली, पन्नाशी उलटलेल्या पत्नीला चालवायला शिकवली आणि वर्षभरात ते वारले. एका मंगळवारी सकाळी विमलताई माझ्या टेबलासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, गाडी दिरांच्या नावावर करायचा अर्ज लिहा. शनिवारी ते येणारेत सही घ्यायला."

मी कारण विचारले. कारणाशिवाय मी लिहीत नाही.

"गल्लीला वीट आलाय माझा. पहाटे चारला हॉर्न वाजतोय. वायपर आपापले फिरतात. कुलपं टकाटक उघडतात, लागतात. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाचा जीव अडकलाय तिच्यात. कंपनीच्या वर्कशॉपवाले म्हणाले, सगळं वायरिंग बदला. दीर म्हणाले, वहिनी, विकून टाकतो, सुटाल."

मी सुरेख अक्षरात अर्ज लिहिला. हसुरामदादा पलीकडून ऐकत होते. मी कागद विमलताईंपुढे सरकवला तेव्हा त्यांनी येऊन त्यावर आपली पक्कड ठेवली.

"बाय, तुला गारी नको हाय का?"

विमलताईंनी पक्कडीखालच्या कागदाकडे पाहिले. मग म्हणाल्या, "मला गाडीचं काही नाही हो. मला तो उजेड पाहिजे होता."

त्यांची गल्ली अरुंद. मोटार तळ्याच्या कठड्याशीच लावावी लागते आणि तेथून घरापर्यंत अंधारात चालत जावे लागते. यजमानांनी गाडी घेतानाच सांगून एक व्यवस्था करून घेतली होती. कुलूप लावल्यानंतरही पुढचे दिवे मिनिटभर जळत राहत आणि गल्लीभर उजेड पडे. नेरूळहून परतल्यावर विमलताई त्या उजेडात चालत घरी जात, दार उघडत, आणि मग दिवे विझत.

"ते म्हणायचे, तू दार उघडेपर्यंत ही जागी राहील. आता महिना झाला, कधी लागतात, कधी नाही. दोनदा पडले मी गटाराशी."

हसुरामदादांनी अर्ज उचलून माझ्या खणात सारला. "गारी आजारी हाय, मेली नाय. शनवारपत्तर मना दे."

मंगळवारभर आरशावर रुमाल होता आणि गाडी झोपली नाही. आकडा उतरे, आता झोपणार असे वाटे, आणि आतून 'टक' असा आवाज येऊन ती पुन्हा जागी होई. तापात बरळणाऱ्या माणसापाशी बसावे तसे आम्ही तिच्यापाशी बसून होतो. बुधवारी हसुरामदादांनी एकेका फ्यूजवर मीटर टेकवून तो जागा राहणारा शोधला. तो बीसीएमच होता. तरीही त्यांनी डब्याला दोष दिला नाही. ड्रायव्हरच्या पायाजवळचे आवरण काढून ते उताणे आत शिरले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या तळहातावर डबा होता. त्याच्या पिना हिरव्या झाल्या होत्या.

"खारी हवा?" मी विचारले. खाडीकाठच्या गाड्यांचे हे दुखणे मला एव्हाना माहीत झाले होते.

त्यांनी वरचा चष्मा खाली ओढला. "मीठ मी वलखतो, भाऊसायब. मीठ हिरवा असतं, पांढरा असतं. ह्या पिवला कसा?"

हिरव्या थराच्या कडेने खरोखरच पिवळे आणि पुसट लाल काहीतरी साचले होते. हसुरामदादा उठले आणि गाडीपुढे जाऊन उभे राहिले. समोरच्या काचेलगत, डॅशबोर्डवर, पितळेचा अंगठ्याएवढा गणपती बसवलेला होता. त्याच्या पायाशी हळद-कुंकू होते आणि भोवती पाण्याचे वाळलेले वर्तुळ. त्यांनी माझ्याकडून एक कोरा कागद मागून घेतला, डब्याच्या रिकाम्या जागेखाली धरला, आणि मला माझ्या तांब्यातले पळीभर पाणी देवावर घालायला सांगितले. मी घातले. पाणी मूर्तीवरून ओघळले, काचेलगतच्या फटीत नाहीसे झाले, आणि आम्ही वाट पाहिली. थोड्या वेळाने कागदावर एक थेंब पडला. मग दुसरा. पिवळसर.

विमलताई रोज सकाळी निघण्यापूर्वी नवऱ्याने बसवलेल्या देवाला पळीभर पाणी घालत होत्या. दोन वर्षे.

"सापडले," मी म्हणालो. "हे लिहून देतो. दिरांना लेखी कारण लागेल, आणि कारण हे अर्जाचे हाड असते."

हसुरामदादांनी कागदाची घडी घातली आणि ती आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. "हा कागद कोनाला दाखवाचा नाय."

"पण सत्य—"

"भाऊसायब, नवरा गेला तवापासून ती मनात बोलत असल, मी आदी डागतरकरं नेला असता तर, मी असा केला असता तर. आता ह्या बी तिच्या माथी मारू? लिव, खाडीची खारी हवा."

मी अठरा वर्षांत माझ्या अक्षरात जाणूनबुजून असत्य लिहिलेले नाही. अर्जदारांनी लिहवून घेतले असेल, ती गोष्ट वेगळी. त्या दुपारी मात्र मी 'खाडीकाठच्या खाऱ्या व दमट हवेमुळे सदर मोटारीच्या बीसीएममध्ये बिघाड उद्भवला' असे वाक्य लिहिले आणि त्याखाली तारीख घातली.

डबा वाचणार नव्हता. आतले तांब्याचे रस्ते गंजून गेले होते. गुरुवारी हसुरामदादांनी कुर्ल्याच्या भंगार बाजारातून तशाच मोटारीचा तसाच डबा आणला. परंतु त्या डब्याला दुसऱ्याच गाडीची आठवण होती. तो विमलताईंची किल्ली ओळखेना, आणि कुलूप लावताच दिवे विझवून मोकळा होई. दिव्याची मुदत बदलण्याचे पान हसुरामदादांच्या यंत्राच्या पडद्यावर उघडत नव्हते, आणि वर्कशॉपवाले भंगारातल्या डब्याला हात लावायला तयार नव्हते. एकच मार्ग उरला होता. मोटारीची सगळी आठवण डब्यातल्या एका बारीक तुकड्यात असते. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, आठ पाय. जुन्या डब्यातून तो सोडवून नव्यात बसवायचा. जास्त तापला तर जळतो, आणि मग किल्लीही जाते, उजेडही जातो. हळदीचा डाग त्या तुकड्याच्या दोन पायांएवढ्या अंतरावर येऊन थांबला होता.

आणि हसुरामदादांचा हात कापत असे. हे मी कधी बोलून दाखवले नव्हते. मोठ्या कामात ते दिसत नसे.

शुक्रवारी भर दुपारी ते बाकावर बसले. मनगटाखाली चिंचोक्यांनी भरलेली एक छोटी पिशवी ठेवली. ती त्यांच्या दिवंगत पत्नीने शिवलेली होती. वारा लागू नये म्हणून मी माझी मोठी नोंदवही उभी धरली. सोल्डरिंगच्या हत्याराचे तापलेले टोक त्यांनी तुकड्याजवळ नेले आणि मागे घेतले. पुन्हा नेले, पुन्हा मागे घेतले. सोल्डरचा धूर सरळ वर जात होता.

"भाऊसायब," ते मान न वळवता म्हणाले, "काय तरी वाच."

"काय वाचू?"

"काय पन. हलू वाच. तुझा आवाज चालू असला का माझा हात ऱ्हातो."

नोंदवही एका हातात होती. दुसऱ्या हाताने खणातून निघाला तो कागद मी वाचू लागलो. तो विमलताईंचा मालकीबदलाचा अर्ज होता. 'मी, खाली सही करणार, विधवा, राहणार घणसोली गाव, अर्ज करते की, माझ्या पतीच्या पश्चात माझ्या ताब्यात असलेली मोटार...' माझ्या आयुष्यात मी कोणताही अर्ज इतक्या हलक्या आवाजात वाचलेला नाही. शेवटपर्यंत आलो की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करी. शब्दांचे अर्थ निघून गेले आणि नुसती लय उरली. रस्ता, झाड, उभी मोटार, सगळे कुठेतरी लांब पाण्याखाली आहे असे वाटू लागले. तिसऱ्यांदा 'सबब नम्र विनंती की' येथे पोहोचलो तेव्हा हसुरामदादा म्हणाले, "बस."

तुकडा नव्या डब्यात बसला होता. आठही पायांवर.

डबा गाडीत जोडून त्यांनी विमलताईंची किल्ली दाबली. चारही कुलुपे एकदमच वाजली. उन्हात दिवे दिसेनात, म्हणून त्यांनी आपला तळहात पुढच्या दिव्यासमोर धरला. हातावर पिवळा उजेड पडला होता आणि तो तेथेच राहिला. हसुरामदादा हात तसाच धरून उभे राहिले. उजेड गेल्यावर त्यांनी रुमाल आरशावर टांगला. पंचवीस मिनिटांनी मीटरवर नखभर आकडा उरला.

मग त्यांनी काचेलगतची फट रबरी लुकणाने बंद केली आणि कोठूनशी आणलेली स्टीलची लहानशी खोलगट ताटली गणपतीखाली पक्की बसवली.

संध्याकाळी विमलताई आल्या. किल्ली हातात घेतली, कुलूप उघडून पाहिले, पुन्हा लावले, आणि हसल्या. मग त्यांची नजर ताटलीवर गेली.

"दादा, ही ताटली कशाला?"

"देवाला पाट नको का, बाय? किती दिस तसाच बसलाय."

विमलताईंनी ताटलीच्या कडेने, नव्या लुकणावरून बोट फिरवले. बोटाला हळद लागली. त्या बोटाकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. मग हसुरामदादांकडे, मग माझ्याकडे. मी माझ्या कागदांत डोके घातले. गाडीच्या कप्प्यात एक पितळी पळी होती. ती त्यांनी काढली, पदराला पुसली आणि पर्समध्ये टाकली.

"खारी हवा फार वाईट हो इथली," त्या म्हणाल्या.

"लय वाईट," हसुरामदादा म्हणाले.

शनिवारी दीर आले. मी त्यांना माझी लेखी हकिकत दिली. त्यांनी ती वाचली, किल्ली विमलताईंकडेच राहू दिली आणि म्हणाले, "ठेवा मग वहिनी. पण परत रडत फोन करू नका." अर्ज माझ्याच खणात राहिला. अजून आहे. त्यावर सही नाही.

त्या कामानंतर हसुरामदादांनी सोल्डर हातात घेतले नाही. काही महिने नुसते येऊन टॅक्सीच्या सीटवर बसत, आणि पुढे त्यांच्या मुलीने त्यांना उरणला न्यायचे ठरवले. जायच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. मी टेबल आवरत होतो.

"चल, तल्याकरं."

आम्ही तळ्याच्या कठड्यावर बसलो. नव्या इमारतींतले दिवे पाण्यात उतरले होते. कठड्याच्या अलीकडे मात्र गल्ली काळोखी होती. साडेसातच्या सुमारास ती पांढरी मोटार आली, आमच्यापासून दहा हातांवर थांबली, आणि विमलताई उतरल्या. हातात भाजीची पिशवी होती. त्यांनी आम्हाला पाहिले नाही. दार उघडताना लागलेल्या आतल्या दिव्यात देवापुढे झेंडूचे एकच कोरडे फूल दिसले. त्यांनी किल्ली दाबली. कुलुपे वाजली आणि दिवे जळत राहिले.

गल्ली उजळली. भिंतींचे पोपडे, एका ओट्यावर वाळत घातलेले जाळे, गटाराच्या कडेने जपून पडणारी विमलताईंची पावले, सगळे त्या उजेडात स्वच्छ दिसत होते. त्यांची सावली आधी लांब होती, मग भिंतीवर चढली, मग आखूड होत गेली. त्या घाईत नव्हत्या. दाराशी पोहोचल्या, कडी काढली, आत दिवा लागला. त्यांनी दारातून एकदा मागे, मोटारीकडे पाहिले, आणि दार लोटले.

त्यानंतर दिवे विझले.

हसुरामदादा कठड्यावरून उतरले. अंधारात ते मोटारीपाशी गेले, बॉनेटवर तळहात टेकवून उभे राहिले, आणि जितकी वाट पाहायची तितकी त्यांनी पाहिली. मीही पाहिली. शेवटी त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला आणि बाजूच्या आरशावर टांगला.

"झोपली," ते म्हणाले, आणि रुमाल तेथेच ठेवून हळूहळू घराकडे निघाले.